सोंग की दुखणे?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी शरीर आणि मन यांच्या संबंधावर बोलायला मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस. शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. पण मग विचार केला, की डॉक्टरांकडे रोगी येतो तो दहा मिनिटांसाठी. आमच्याकडे तोच माणूस आरोपपत्र हातात घेऊन येतो आणि महिनोन् महिने येत राहतो. ज्याच्या तपासणीच्या कागदावर काही दिसत नाही पण ज्याचा पाय उचलत नाही, अशा माणसाचे काय होते, हे आम्ही जवळून पाहिलेले असते. त्या अधिकाराने मी बोलणार आहे. वैद्यकातले जे सांगेन ते वाचलेले आणि जाणकारांना विचारून घेतलेले आहे.

विषय तसा नवा नाही. आपल्या भाषेला तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात. वाईट बातमी ऐकून छातीत धस्स होते. ही अलंकारिक बोली आहे असे आपण समजतो; पण नीट पाहिले तर ही शरीरात घडणाऱ्या गोष्टींची साधी नोंद आहे. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक भयाने होणारा आणि एक शोकाने होणारा. तेव्हा मनाचा परिणाम शरीरावर होतो एवढेच सांगायचे असते, तर तुमचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. खरी अडचण पुढे आहे. असा परिणाम झालेल्या माणसाला आपण आजारी मानतो की लबाड मानतो, हा माझा प्रश्न आहे.

घरातली गोष्ट

ही गोष्ट माझ्या घरातली आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, मुंबईत एका गिरणीत साच्यांवर होते. साचेखात्यातल्या गोंगाटात काम करणाऱ्या माणसांचा आवाज मोठा असतो. आप्पांनी चाळीच्या जिन्यातून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावर ऐकू येई. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. पुढे काय झाले ते तुम्हांला माहीत आहे. हजारोंना पुन्हा कामावर घेतले नाही, त्यांत आप्पाही होते. 1983च्या उन्हाळ्यात एका सकाळी ते उठले, आणि त्यांच्या तोंडून आवाजच येईना. ओठ हलत, कुजबुज बाहेर पडे, पण आवाज नाही.

आईने ज्येष्ठमध दिले, हळदीचे दूध दिले. शेजाऱ्यांनी करणीचा संशय घेतला. शेवटी इस्पितळात नेले. तिथे आरसा घालून घसा पाहिला, आणि सांगितले, "घशात काहीही नाही." या तीन शब्दांचा अर्थ चाळीत असा लावला गेला, की म्हातारा सोंग करतो, काम शोधायला नको म्हणून गप्प बसला आहे. म्हातारा म्हणजे तेव्हा बेचाळीस वर्षांचा माणूस. मी तेरा वर्षांचा होतो. माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती, आणि ती मी चारचौघांत बोलून दाखवली : "आप्पा, खोकताना बरा मोठा आवाज निघतो तुमचा!" लोक हसले. आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुढे त्यांना गावी, सातारा जिल्ह्यात, भावाकडे पाठवले. तिथे दोनअडीच महिन्यांनी शेतात बैल उधळला तेव्हा त्यांच्या तोंडून खच्चून हाक गेली. त्यानंतर हळूहळू बोलणे परत आले. चाळीतल्या लोकांना वाटले, चोरी पकडली गेली. मलाही तसेच वाटले. अनेक वर्षांनी पुस्तके वाचताना मला कळले, की आवाज जातो पण खोकला ठणठणीत राहतो, ही या आजारात वैद्य मुद्दाम शोधतात अशी खूण आहे. मी जो लबाडीचा पुरावा समजलो होतो, तो रोगाचा पुरावा होता.

यंत्र शाबूत, हुकूम अडलेला

हे कसे घडते? एक उदाहरण घेऊ. जिना उतरताना आपण पायरी मोजत नाही, पाय आपोआप पडतात. पण एखाद्याला सांगा, की प्रत्येक पाऊल कसे टाकतोस त्याकडे लक्ष ठेवून उतर, तो अडखळेल. पाय तेच, पायऱ्या त्याच. म्हणजे शरीराची हालचाल करण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. काही आपण हुकूम देऊन चालवतो, काही आपोआप चालतात. बोलणे हुकमाचे आहे, खोकला आपोआपचा आहे. कंठ दोन्हींसाठी एकच. हुकमाचा मार्ग अडला तर बोलणे जाते, खोकला राहतो.

पायाच्या बाबतीत हीच खूण हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टराने 1908 साली नोंदवली. उताणे निजून एक पाय वर उचलू लागलो, की दुसऱ्या पायाची टाच आपोआप गादीवर दाबली जाते. ज्याचा उजवा पाय लुळा पडला आहे त्याला "उजवी टाच दाब" म्हटले, तर जोर लागत नाही. पण "डावा पाय उचल" म्हटले, की तीच उजवी टाच भक्कम दाबली जाते. याचा अर्थ मज्जातंतू, स्नायू, हाडे शाबूत आहेत. बिघाड रचनेत नाही, चालण्यात आहे. म्हणून आजचे डॉक्टर याला कार्यात्मक बिघाड म्हणतात. जुन्या काळी याला उन्माद म्हणत आणि तो बायकांचा रोग समजत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळातले प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांनी 1880च्या दशकात दाखवून दिले, की अपघातातून वाचलेल्या धट्ट्याकट्ट्या कामकरी पुरुषांतही तो आढळतो.

पूर्वी ही हूवरची खूण रोग्याला उघडे पाडण्यासाठीही वापरली गेली. आता चांगले डॉक्टर ती रोग्यालाच दाखवतात : "हे पाहा, तुमच्या पायात जोर आहे. तो हुकमाला येत नाही एवढेच. तो परत आणता येईल." आणि मग व्यायाम, चालण्याचे शिक्षण, धीर यांनी पुष्कळांना गुण येतो. खूण तीच. एकाच्या हातात ती आरोप होते, दुसऱ्याच्या हातात औषध होते.

भीती पोटात उतरते ती कशी

सगळीच लक्षणे या जातीची नसतात. काहींत शरीरात प्रत्यक्ष रासायनिक बदल होतात. संकट दिसले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून रस सुटतात. हृदय जोराने चालते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, पचन थांबते. लढायला किंवा पळायला ही तयारी उपयोगी असते. हार्वर्डचे कॅनन यांनी 1915 साली आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. पण मुकादमाशी लढता येत नाही आणि पाळी सोडून पळताही येत नाही. तयारी मात्र रोज होते आणि रोज वाया जाते.

न्यूयॉर्कमध्ये 1940च्या सुमारास टॉम या नावाने ओळखला जाणारा एक मनुष्य होता. लहानपणी उकळते सूप गिळल्यामुळे त्याची अन्ननलिका बंद झाली होती, आणि पोटाला भोक पाडून त्यातून तो अन्न घेत असे. वुल्फ आणि वोल्फ या दोन डॉक्टरांना त्या भोकातून जठराचे अस्तर डोळ्यांनी पाहता येई. टॉम घाबरला की ते पांढरे पडे. त्याला राग आला, अपमान गिळावा लागला, की ते लालबुंद होई आणि आम्ल वाढे. 1943 साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 'राग गिळणे' या शब्दप्रयोगाचा याहून सरळ पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरे एक उदाहरण तुमच्यांपैकी अनेकांनी पाहिले असेल. माणूस घाबरतो, भराभरा श्वास घेऊ लागतो, मग ओठ आणि बोटे झिणझिणतात, हाताची बोटे वाकडी होऊन आखडतात. भोवती जमलेले लोक कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. घडलेले असते ते असे : अति श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची आम्लता घटते, त्यामुळे रक्तातले मोकळे कॅल्शियम कमी पडते आणि स्नायू आखडतात. हे कोणालाही ठरवून जमणारे नाटक नव्हे, रसायनशास्त्र आहे.

जपानमध्ये 1990 साली डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराला ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्याचे नाव दिले, ताकोत्सुबो. जबर धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा त्या मडक्यासारखा फुगतो. छातीत कळ येते, पण रक्तवाहिन्या तपासाव्यात तर त्यांत अडथळा सापडत नाही. हा विकार उतारवयाच्या स्त्रियांत अधिक दिसतो. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण काही दगावतातही. दुःखाने छाती फुटते असे म्हणणारी आपली आजी फारशी चुकत नव्हती.

लबाडीचा शिक्का

आता जो भाग मला सर्वांत जवळचा आहे त्याकडे वळतो. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारात राहिलेले हजारो सैनिक थरथर कापू लागले. कोणाची वाचा गेली, कोणाची दृष्टी गेली, कोणाचे पाय गेले, आणि अंगावर जखम नाही. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर मायर्स यांनी 1915 साली या रोग्यांविषयी लिहिले. काहींना चांगले उपचार मिळाले. पण त्याच सैन्याने पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली अनेकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी 306 जणांना ब्रिटनने 2006 साली, म्हणजे नव्वद वर्षांनी, माफी दिली. त्यांतले कितीतरी जण या आजारानेच ग्रासलेले असावेत, हे तेव्हा मान्य झाले. मेलेल्यांना मिळालेल्या माफीचा उपयोग किती, ते आपणच ठरवा.

कारखान्यात गोळी घालत नाहीत, राजीनामा घेतात. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या तरुणाच्या शेजारच्या कामगाराची बोटे तुटली. पुढच्या आठवड्यात या तरुणाचा पाय लुळा पडला. कारखान्याच्या डॉक्टराने लिहिले : दोष आढळला नाही. व्यवस्थापनाने आरोपपत्र दिले, चौकशी लावली. त्याचा प्रतिनिधी मी होतो. मला एवढेच म्हणता आले, की हा खोटे बोलणारा मुलगा नाही. हूवरची खूण मला तेव्हा ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्या डॉक्टराला प्रश्न विचारता आला असता. आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात एका कोपऱ्यात शंका होती. तो राजीनामा देऊन गेला. ते प्रकरण मी हरलो ते मालकाच्या ताकदीमुळे जितके, तितकेच माझ्या अज्ञानामुळे.

एकीला होते तेव्हा, आणि साठ जणींना होते तेव्हा

कधी कधी दुखणे एकट्याचे राहत नाही. 1962च्या जून महिन्यात अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका कापड कारखान्यात कामगारांना मळमळ, अंगावर चट्टे, बधिरपणा, भोवळ असे होऊ लागले. परदेशातून आलेल्या कापडातून कसलासा किडा आला आणि तो चावतो, अशी बातमी पसरली. एकूण 62 जण आजारी पडले, बहुतेक स्त्रिया, बहुतेक एकाच विभागातल्या. सरकारी तज्ज्ञांनी शोध घेतला. एवढ्या लोकांना आजारी पाडील असा किडा सापडला नाही. पुढे केरकॉफ आणि बॅक या समाजशास्त्रज्ञांनी त्या स्त्रियांची तपशीलवार विचारपूस करून 1968 साली पुस्तक लिहिले. हंगाम तेजीचा होता, जादा काम चालू होते. ज्यांच्यावर जादा कामाचा आणि घर चालवण्याचा बोजा अधिक, आणि ज्यांना त्यातून सुटण्याची वाट नाही, त्या अधिक आजारी पडल्या. दुखणे मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे गेले.

2011 साली कंबोडियातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शेकडो मुली ओळीने बेशुद्ध पडल्या. तिथे उकाडा होता, अपुरे अन्न होते, लांबलेली पाळी होती, काही ठिकाणी रसायनांचा वास होता, आणि त्याच्या जोडीला भीतीही होती. काही जणींच्या अंगात भूमीचे दैवत आले.

अशा वेळी "बायकांचा भ्रम" म्हणून फाईल बंद करणे सोपे असते. पण मला विचाराल तर किडा सापडला नाही म्हणजे कारण सापडले नाही असे नव्हे. कारण पगारपत्रकात आणि पाळीच्या तक्त्यात लिहिलेले असते. तिथे कीटकशास्त्रज्ञ पाहत नाही.

उलट बाजू

आता माझ्याच बाजूच्या लोकांना एक इशारा. सगळे दुखणे ताणाचे, असे म्हणणे हीही एक आळशी समजूत आहे. जठराच्या व्रणाचे पाहा. पिढ्यान् पिढ्या त्या रोग्यांना सांगितले गेले, की काळजी करू नका, तिखट खाऊ नका. 1982 साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांनी जठरात राहणारा एक जिवाणू शोधला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी 1984 साली त्या जिवाणूंचे पाणी स्वतःच प्यायले आणि जठराचा दाह ओढवून घेतला. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रोग्यांना मन शांत ठेवण्याचा उपदेश चालला होता, त्यांतल्या बहुतेकांना जिवाणुनाशक औषधे हवी होती.

म्हणून 'मनाचे आहे' हे निदान तपासणी टाळण्यासाठी करायचे नसते. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय अचानक गेला, छातीत कळ आली, तर तत्त्वचर्चा न करता तत्काळ इस्पितळ गाठावे. आणि उलटही लक्षात ठेवावे : कार्यात्मक विकार झालेल्या प्रत्येकाच्या मागे एखादे गुप्त दुःख असलेच पाहिजे, असे नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013च्या आपल्या निदानसूचीतून ती अट काढून टाकली. काहींना तो साध्या दुखापतीनंतर होतो. हे निदान हूवरच्या खुणेसारख्या प्रत्यक्ष पुराव्यावर करायचे असते. काही सापडत नाही म्हणून, किंवा माणूस दुःखी दिसतो म्हणून नव्हे.

ओझे कोणते जड

ताण म्हटले की साहेबाचे चित्र डोळ्यांपुढे येते. दोन फोन, मोठी जबाबदारी, छातीचा विकार. प्रत्यक्ष मोजले तेव्हा उलटे निघाले. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सतरा हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास 1967 साली सुरू झाला. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या लोकांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशेब करूनही तफावत पुरती मिटली नाही. 1985 पासून दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास झाला. त्यातून मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवले, की स्वतःच्या कामावर ज्याचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक.

याचा अर्थ असा, की ओझे जड असते ते वजनाने तितके नाही, जितके ते खाली ठेवण्याची मुभा नसल्याने. तासांचेही तेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली काढलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 तास किंवा त्याहून अधिक काम केल्याने 2016 या एका वर्षात जगात 7,45,000 माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मेली. अशा वेळी कामगारांना ध्यानधारणेचे शिबिर भरवून देणे वाईट नाही. पण आधी पाळीचा तक्ता पाहावा, मग ध्यान करावे.

करायचे काय

चार गोष्टी सांगतो आणि संपवतो.

पहिली, घरातल्यांसाठी. तपासणीचा कागद कोरा आला म्हणजे माणूस खोटा ठरत नाही. कागद एवढेच सांगतो, की रचनेत बिघाड दिसला नाही. "तुला काही झालेले नाही" हे वाक्य तोंडातून काढू नये. "तुला झाले आहे, आणि ते बरे होण्यासारखे आहे" असे म्हणावे.

दुसरी, आजारी माणसासाठी. डॉक्टराने मनाचे नाव काढले की अपमान वाटून घेऊ नये. एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे, तिथून देवरुषाकडे, असे फिरण्यात पैसा आणि महिने जातात. आणि उपचार जितका लवकर तितका बरा.

तिसरी, आम्हां संघटनेच्या लोकांसाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 साली व्यावसायिक रोगांच्या यादीत मनोविकारांना प्रथमच जागा दिली. ती यादी आपल्याला पाठ असावी. आणि एकाच खात्यातली तीन माणसे एका महिन्यात चक्कर येऊन पडली, तर हवा, अन्न, रसायने तपासून घ्यावीत, आणि त्याच दिवशी जादा तासांची नोंदवहीही मागावी.

चौथी, सर्वांसाठी. मुद्दाम सोंग करणारे असतात, नाही असे नाही. पण माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात सोंग करणारा सहसा पगारी सुट्टी मिळाली की बरा होतो. जो सुट्टी मिळूनही बरा होत नाही, ज्याचा पगार कापला जातो, ज्याला पोरेबाळे हसतात, आणि तरीही ज्याचा आवाज फुटत नाही, त्याला या सोंगातून काय मिळते, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

आप्पा 1996 साली गेले. खोकल्याची ती खूण मी पुस्तकात वाचली ती त्यानंतर. तेव्हा त्यांना सांगायचे राहिले ते आज इथे सांगितले.